जुनं घर, बारा वर्षं आणि जिन्याखालची न वाळणारी भिंत

माळ्यावरचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज लिहितोच. प्रश्न एकच आहे आणि तो शेवटी आहे, पण आधीचं पुराण सांगितल्याशिवाय तो कळायचा नाही, तेव्हा थोडं सहन करा.

घर आजोबांनी बांधलेलं. खाली चार खोल्या, वर तीन. चुन्यात बांधलेल्या विटांच्या जाडजूड भिंती, वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर, छप्पर निम्मं कौलारू आणि निम्म्यावर वडिलांनी नंतर कधीतरी टाकलेला स्लॅब. मी कामाला हात घातला त्याला यंदा बारा वर्षं झाली. हो, बारा. सुरू करताना घरात सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलेलं की सहा महिन्यांत उरकतो. त्या वाक्यावरून अजून चेष्टा होते.

इतकी वर्षं लागली कारण एक तर पैसे तुकड्यातुकड्यांनी येत होते आणि दुसरं म्हणजे आम्ही त्याच घरात राहत होतो. एक खोली रिकामी करायची, तिचं सामान दुसरीत कोंबायचं, दुसरीतली माणसं तिसरीत झोपायची, आणि धूळ मात्र सगळ्या खोल्यांत सारखी. ज्यांनी हे केलंय त्यांना माहितीय की कपाटाच्या आतल्या घडीच्या कपड्यांच्या आतसुद्धा धूळ जाते, कशी जाते देव जाणे.

आता माझा शहाणपणा ऐका. पहिल्या वर्षी मी काय केलं तर हॉलची फरशी बदलली आणि सगळीकडे रंग दिला. का? तर तेच दिसतं. लोक येतात, वा वा म्हणतात. दुसऱ्या वर्षी जिन्याजवळच्या भिंतीचा गिलावा गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत फुगलेला होता तो खरवडून गवंड्याकडून चांगला दणकट सिमेंटचा करून घेतला. तिसऱ्या वर्षी छप्पर गळून पहिल्या वर्षीच्या रंगाची वाट लागली म्हणून कौलं उतरवली, वासे बदलले, पन्हाळी नवीन लावल्या. चौथ्या वर्षी वायरिंग, म्हणजे दुसऱ्यांदा रंगवलेल्या भिंतींना छिन्नीनं चर पाडले. त्याच वेळी जिन्याच्या भिंतीत एक जुना कोनाडा होता, तो विटा-सिमेंटनं बुजवून त्यावर मेन बोर्ड बसवला, जागा आयती मिळाली म्हणून. सहाव्या वर्षी बाथरूम जिन्यामागे हलवलं, तेव्हा पाइप न्यायला हॉलची ती नवी फरशी मधोमध फोडली, आणि तशी फरशी आता मिळत नाही त्यामुळे हॉलमध्ये एक वेगळ्या रंगाचा पट्टा आहे. पाहुण्यांना मी सांगतो की डिझाइन आहे.

मधली चारपाच वर्षं खिडक्यादारं, वरची जमीन, माळा. त्यात खरी मजा आली पण ते नंतर कधीतरी.

आता प्रश्न. जिन्याखालची ती भिंत, जिला दुसऱ्या वर्षी गिलावा केला, ती परत ओली आहे. आधी गुडघ्यापर्यंत होती, आता कंबरेच्या वर गेलीय. रंग पापुद्र्यांनी निघतो, पांढरं मीठ फुटतं, हात लावला की गार. रुंदी म्हणाल तर साडेतीन-चार फूट, बाकी भिंत ठणठणीत. दोनदा वॉटरप्रूफ रंग मारून झालाय, एक मोसम टिकतो आणि मग त्याचेच फुगे येतात. आता तिसऱ्यांदा काय करू?

उद्याबघू:
वाचतोय. आमच्याकडे सात वर्षं झाली, पहिल्या खोलीतच आहे. तुम्ही तर फारच फास्ट.

चुनखडी:
तुमचं घर चुन्याचं आणि तुम्ही त्याला सिमेंटचा गिलावा चढवलात, इथेच गणित चुकलं. रागावू नका, नव्वद टक्के लोक हेच करतात कारण गवंडीही तेच सुचवतो.

जुनी वीट आणि चुना दोन्ही पाणी पितात आणि सोडतात. जमिनीतून थोडी ओल वर चढली तरी ती गिलाव्यातून वाळून जाते, भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. त्यावर सिमेंटचा घट्ट थर बसला की ओलीला बाहेर पडायची वाट उरत नाही, मग ती आतल्या आत वर चढत जाते आणि जिथे तो थर संपतो तिथून बाहेर पडते. गुडघ्याची ओल कंबरेला कशी गेली ते कळलं का? आणि वरून वॉटरप्रूफ रंग मारणं म्हणजे भांड्यावर झाकण घट्ट बसवणं.

दुसरी गोष्ट, सिमेंट कडक, चुन्याची भिंत मऊ. घर थोडंफार हलतंच, उन्हात फुगतं, थंडीत आकसतं. मऊ चुना ते सोसतो, सिमेंट सुटं होऊन ढालीसारखं वेगळं होतं. बोटाच्या मागच्या बाजूनं भिंतीवर वाजवून बघा, पोकळ वाजेल.

तेव्हा सगळं सिमेंट काढा आणि चुन्याचा गिलावा करा. पातळ थर, सेंटिमीटरभर फार तर, एक नीट धरला की मग दुसरा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, त्याला वेळ लागतो, पंखे लावून घाईनं वाळवायचा नाही, वरून ओलं फडकं धरायचं. आणि हातमोजे आणि चष्मा न लावता चुन्याला हात घालू नका, डोळ्यात गेला तर खेळ नाही.

सरळरेघ:
एक बेसिक प्रश्न विचारू का, राग नसावा. बारा वर्षांत जेवढं घातलंत तेवढ्यात पाडून नवीन उभं राहिलं नसतं का? मला ही जुन्या घराची भक्ती कळत नाही खरंच. भिंती जाड म्हणजे जागा कमी, लाकूड म्हणजे वाळवी, आणि वर हे ओलीचं झेंगट.

माळ्यावरचा:
@सरळरेघ राग कसला, बायको हेच विचारते. हिशोब केला तर बहुतेक उभं राहिलं असतं. पण एकरकमी एवढे पैसे कधीच नव्हते, आणि पाडायचं तर दीडदोन वर्षं भाड्याने राहायला हवं होतं. थोडंथोडं करता आलं ते जुनं घर होतं म्हणूनच. भक्ती वगैरे नंतर सुचलेली कारणं.

@चुनखडी पोकळ वाजतंय. जवळपास सगळंच.

टेकू:
मी याच व्यवसायातला, म्हणजे बांधकामाचा हिशोब करणारा, त्यामुळे थोडं कोरडं लिहितो.

चुनखडी म्हणतात ते बरोबर आहे पण अर्धंच. चुना म्हणजे जादू नव्हे. गिलावा कुठलाही करा, पाणी येतंय ते येतच राहणार. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

जमिनीतून केशाकर्षणानं चढणारी ओल सहसा भिंतीच्या बऱ्याच लांबीत दिसते, साधारण मीटरभर उंचीपर्यंत, वर एक लाटेसारखी रेघ असते. तुमची चार फुटांतच आहे आणि दोन्ही बाजूंची भिंत कोरडी. हे मला जमिनीच्या ओलीपेक्षा गळतीसारखं वाटतं. सिमेंटमुळे ती वर सरकली असेल, पण उगम वेगळा. काही गोष्टी विचारतो. कडक उन्हाळ्यातही ओल असते का? असली तर पावसाचा संबंध कमी. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी परत बघा, हलला तर दाबाचा पाइप गळतोय. नाही हलला तर सांडपाण्याचा पाइप, कारण त्यात पाणी वापरतानाच असतं. त्यासाठी बाथरूमच्या जाळीत पाण्यात विरघळणारा गडद रंग बादलीभर पाण्यातून ओता आणि दोन दिवस भिंतीवर, फरशीच्या सांध्यांवर नजर ठेवा.

आणखी एक, फुकटातलं. हातभर लांबरुंद अॅल्युमिनियम फॉइल त्या भिंतीला चारही बाजूंनी टेप लावून घट्ट चिकटवा आणि एकदोन दिवसांनी बघा. खोलीच्या बाजूला थेंब असतील तर हवेतलं बाष्प गार भिंतीवर जमतंय, मागच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय.

@सरळरेघ पाडायचं की ठेवायचं हे भक्तीवर ठरत नाही. पाया खचतोय का, तिरक्या पायऱ्यांसारख्या भेगा रुंदावताहेत का, तुळयांची भिंतीत घुसलेली टोकं कुजलीत का, हे बघायचं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख टाकायची आणि वर्षभर पाहायचं. बऱ्याच भेगा पन्नास वर्षांपूर्वीच थांबलेल्या असतात आणि लोक आत्ता घाबरतात.

ठिणगी:
थांबा थांबा. मेन बोर्ड त्याच ओल्या भिंतीवर आहे असं लिहिलंय का? मी दोनदा वाचलं. बाकीचं सगळं राहू दे, आधी तो बोर्ड तिथून हलवा. पत्र्याचा डबा ओल्या भिंतीत म्हणजे गंज, आणि गंजलेल्या जोडात ताप धरतो. बोर्डात आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का? ३० मिलिअँपिअरचा? वरचं टेस्टचं बटण शेवटचं कधी दाबलंय?

माळ्यावरचा:
@ठिणगी आहे, पण खरं सांगायचं तर तो सारखा पडायचा म्हणून इलेक्ट्रिशियनने "तात्पुरता" बायपास केला होता. तीन वर्षांपूर्वी.

ठिणगी:
हात जोडले. तो पडत होता कारण तो त्याचं काम करत होता!! आत जाणारा करंट आणि परत येणारा करंट यात फरक पडला की तो पडतो, म्हणजे कुठेतरी करंट भलत्या वाटेनं जातोय, भिंतीतून किंवा एखाद्या उपकरणाच्या अंगातून. एमसीबी जास्त लोड आला किंवा शॉर्ट झाला तर वायर वाचवतो, माणूस वाचवायचं काम आरसीसीबीचं, त्याला बायपास करणं म्हणजे काय हे मी सांगायला नको. जुन्या घरात आणखी एक कारण असतं, दोन सर्किटना मिळून एकच न्यूट्रल ओढलेला असतो, अर्धी वायरिंग नवी आणि अर्धी जुनी असली की हमखास. तोही शोधावा लागतो. आणि तुमच्या घरात जुनी रबरवर कापड गुंडाळलेली वायर कुठे राहिली असेल तर वाकवून बघू नका, कवच बिस्किटासारखं तुटतं. तीन पिनांच्या सॉकेटला तिसरी वायर खरोखर आहे का तेही तपासून घ्या, कित्येक ठिकाणी नुसतं भोक असतं.

आजच कुणाला तरी बोलवा. स्वतः उघडू नका.

नवखी:
धागा फार उपयोगी! आम्ही पुढच्या महिन्यात सुरुवात करतोय, सासऱ्यांचं घर, साठेक वर्षं जुनं. माळ्यावरचा, तुम्ही आता परत पहिल्यापासून केलंत तर कुठल्या क्रमानं कराल? आणि तुम्ही दारांचं म्हणालात ते पण लिहा ना. आमच्याकडे दारांवर ऑइल पेंटचे इतके थर आहेत की दार लागतच नाही.

माळ्यावरचा:
@ठिणगी बोलावलाय, उद्या येतोय. दुसरा माणूस.

@नवखी पहिलं म्हणजे काहीही न करता एक पावसाळा नुसतं त्या घरात राहा, जमत असेल तर. वही घ्या आणि कुठे गळतं, कुठे ओल येते, कुठली खिडकी फुगते, कुठल्या खोलीत दुपारी उजेड असतो ते लिहीत जा, कारण बिल्डिंग बघून जे कळत नाही ते पाऊस चार दिवसांत दाखवतो. मग छप्पर. छपराआधी काहीच नाही, अगदी खिळासुद्धा नाही. मग भिंती-तुळया-वाळवी, वाळवीचे मातीचे बोगदे जोत्यापासून वर जाताना दिसतात का ते बॅटरी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातून बघा आणि लाकूड ठोकून बघा, भरीव आवाज आला पाहिजे. मग जमिनीखालचं, म्हणजे ड्रेनेज, मग पाणी, मग वीज, हे सगळं भिंतीत-जमिनीत गेल्यावर गिलावा, मग फरशी, आणि रंग सगळ्यात शेवटी. मी बरोब्बर याच्या उलट केलं, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि भिंती बुजवायच्या आधी फोटो काढा, प्रत्येक पाइप आणि वायरचे, शेजारी मोजपट्टी धरून. जमिनीपासून किती उंच, कोपऱ्यापासून किती लांब. माझ्याकडे नवव्या वर्षापासूनचे आहेत, आधीचे नाहीत, त्यामुळे अर्ध्या घरात खिळा ठोकताना मी आधी नमस्कार करतो. फरशीचा एक खोका जादा घेऊन माळ्यावर टाका, पुढच्या लॉटचा रंग जुळत नाही, हॉलमधलं डिझाइन आठवा.

दारांचं: समोरच्या दाराचा रंग काढायला बसलो तर नऊ थर निघाले. हिरवा, तपकिरी, परत हिरवा, एक भयानक निळा. सगळ्यात खाली नुसतं तेलपाणी केलेलं लाकूड, आणि रेषा अशा की मी अर्धा तास नुसता बघत बसलो. दार लागायला लागलं हे वेगळंच. बिजागऱ्या मूळच्याच ठेवल्या, फक्त स्क्रू बदलले.

टेकू:
@नवखी रंग काढताना एक सांभाळा. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असण्याची बरीच शक्यता असते. कोरडा सँडपेपर किंवा मशीन मारू नका, त्याची धूळ लहान मुलांसाठी फार वाईट. ओलं करून किंवा रंग काढायचं केमिकल लावून खरवडा, साधा कापडी रुमाल नको, बारीक धूळ अडवणारा मास्क घाला, खाली प्लास्टिक पसरा, आणि मुलांना तेवढे दिवस लांब ठेवा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फोडू नका, भोकं पाडू नका, उतरवायचे झाले तर ओले करून अखंड उतरवा आणि जाणकाराकडूनच.

उद्याबघू:
नऊ थर वाचून बरं वाटलं. आमच्याकडे मी सहावर थांबलो. दार अजून अर्धं हिरवं आहे. चार वर्षं झाली.

कोनाडा:
माळ्यावरचा, नाव बघूनच ओळखलं होतं, पण पन्हाळी आणि हॉलमधलं "डिझाइन" वाचल्यावर खात्री पटली. मी तुझी बहीण बोलतेय. हो, मीही इथे असते, तुझ्या आधीपासून.

सगळे इथे मीटर बघ, रंग ओत, फॉइल लाव सांगताहेत. ते कर. पण त्या भिंतीपाशी काय होतं ते तुला माहीतच नाही का रे? जिन्याखाली मोरी होती. छोटी, दगडाची, बाहेरून आलं की पाय धुवायची. तिला एक लोखंडी जाळी होती आणि तिच्यातून नेहमी कुजकट वास यायचा. मी दुसरीत असताना बाबांनी ती बंद केली, वर एक मोठी दगडी लादी टाकली आणि तिथे फडताळ केलं. तू तेव्हा जन्माला यायचा होतास. लादीवर पाय आपटला की पोकळ वाजायचं, मी मुद्दाम आपटायचे आणि ओरडा खायचे. ती मोरी कुठे जात होती, तिचा पाइप काढला की तसाच राहिला, ते मला माहीत नाही, पण बाबा एखादी गोष्ट काढून टाकण्यापेक्षा झाकून ठेवायचे हे तुलाही माहितीय.

आणि आता लिहितेच आहे तर. बारा वर्षांत तू मला फरशीचे फोटो पाठवलेस, रंगाचे पाठवलेस, ताई हा बरा की तो बरा. नऊ थरांचा फोटोपण पाठवलास. घरात पूर्वी काय कुठे होतं हे एकदाही विचारलं नाहीस. कोनाडा बुजवल्याचं तर मला आज इथे कळतंय.

माळ्यावरचा:
ताई, तू इथे??

फोन करतो.

सरळरेघ:
मी सगळे शब्द मागे घेतो, हा धागा सोडून मी कुठेही जात नाही आता.

चुनखडी:
बंद केलेली मोरी!! आणि सहाव्या वर्षी बाथरूम जिन्यामागे हलवलं म्हणालात. नवीन बाथरूमचा पाइप कुठे जोडलाय? जुन्याच लाइनला ना?

माळ्यावरचा:
तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय.

पहिलं ठिणगींसाठी: बोर्ड हलला. नवा माणूस येऊन उघडून बघतो तर डब्याच्या तळाला गंजाचा चुरा. दोन सर्किटचा न्यूट्रल एकच होता तोही सापडला, शिवाय जुना गीझर गळत होता, म्हणजे करंट गळत होता. आरसीसीबी परत जोडलाय आणि अजून एकदाही पडलेला नाही. बटण महिन्याला दाबायचं असं दारामागे लिहून ठेवलंय.

मग मीटर. रात्रभरात आकडा हलला नाही. फॉइलच्या मागच्या बाजूला थेंब, पुढची बाजू कोरडी. मग बाथरूममध्ये लाल रंगाची बादली ओतली, संध्याकाळपर्यंत काही नाही, मी म्हटलं ताईला काहीतरी दुसरंच आठवत असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी फडताळाच्या पायाशी फरशीच्या सांध्यात एक फिकट गुलाबी रेघ.

फरशीचे चार तुकडे काढले. खाली लादी. पहारीनं उचलली तर खाली मोरी जशीच्या तशी, जाळीसकट, काठोकाठ काळ्या गाळानं भरलेली. वासाचं वर्णन करत नाही, ताईने केलंय ते सौम्य आहे. मोरीचा पाइप चिनीमातीचा, जुना, आणि तोंड उघडंच. सहाव्या वर्षी आमच्या प्लंबरने नव्या बाथरूमचं सांडपाणी अंगणाखालच्या त्याच लाइनला जोडलं, मोरीची फांदी तिथे येऊन मिळते हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. पुढे अंगणात पाइपच्या सांध्यातून झाडाची मुळं आत शिरलेली, त्यामुळे दोघांच्या अंघोळी लागोपाठ झाल्या की पाणी तुंबून मागे यायचं आणि बाहेर पडायला सगळ्यात खालचं तोंड म्हणजे ही मोरी. सहा वर्षं आम्ही भिंतीला रोज सकाळी पाणी पाजत होतो. दुसऱ्या वर्षी जी गुडघ्याएवढी ओल होती ती कशाची म्हणाल तर लाइन तेव्हाही थोडी तुंबतच असणार, जुनी मोरी घराच्या तळाशी होतीच.

आता अंगणाखालची लाइन पूर्ण नवी, पीव्हीसीची, वळणावर चेंबर. मोरीचा पाइप तोडून तोंड कायमचं बंद केलं, गाळ काढून खड्डा उघडा ठेवलाय वाळायला. भिंतीचं सिमेंट ओलीच्या रेघेच्या हातभर वरपर्यंत काढलं. वीट अशी निघाली की नखानं खरवडली जातेय काही ठिकाणी.

टेकू:
छान. आता घाई करू नका. जाड भिंत वाळायचा ढोबळ अंदाज महिन्याला एक इंच असा धरतात, म्हणजे तुमच्या भिंतीला वर्षभरही लागू शकेल. मधल्या काळात वर येणारं मीठ कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करून बाहेर टाका, पाण्यानं धुऊ नका, धुतलंत तर ते परत आत जातं. भुगा झालेल्या विटा एकेक करून बदला, एकदम पाचसहा काढू नका. आणि ओल कुठपर्यंत आहे तिथे पेन्सिलनं रेघ आणि तारीख.

चुनखडी:
आणि मग चुना. 🙂

टेकू:
आणि मग चुना. मान्य.

कोनाडा:
वास आठवला वाचूनच. बरं, बाकी घराचंही सांगू का आता? वरच्या मधल्या खोलीतली एक तुळई बाबांनी बदललीय, तिचं लाकूड वेगळं आहे, रंगाखाली कळत नसेल. मागच्या दाराबाहेर एक हौद होता तो मातीनं भरलाय, तिथे जड काही उभं करू नकोस. आणि स्लॅब टाकायच्या आधी त्या बाजूलाही कौलंच होती, त्याच्या पन्हाळीचं पाणी भिंतीतल्या एका पाइपातून खाली यायचं, तो पाइप भिंतीतच आहे अजून.

माळ्यावरचा:
भिंतीत??

थांब, वही आणतो. नाही, तूच ये ना चार दिवस. मोजपट्टी घेऊन खोलीखोलीतून फिरू आणि सगळं एका नकाशावर काढू.

नवखी:
मी आज सासऱ्यांना बसवलं आणि विचारलं. दोन तास बोलत होते. आमच्याकडे पण एक हौद निघालाय, आणि एक दार जे भिंतीआड आहे म्हणे.

माळ्यावरचा:
चार महिन्यांनी. थोडक्यात सांगतो.

पहिली रेघ जमिनीपासून ११२ सेंटिमीटरवर होती. आजची ७० वर. पाऊस होऊन गेला तरी वर चढलेली नाही. मीठ अजून येतंय पण कमी, दर रविवारी झाडतो. खालच्या अकरा विटा बदलल्या. गिलावा पुढच्या उन्हाळ्याआधी नाही, टेकूंनी दम दिलाय.

ताई येऊन गेली. नकाशा झाला, भिंतीतला पाइप सापडला, कोरडा आहे.

बोर्ड निघाल्यावर तो कोनाडाही उघडा केला. विटा सुट्याच होत्या, माझंच सिमेंट तेवढं चिकटलेलं, ते छिन्नीनं हळूहळू काढलं, आतला जुना चुना बऱ्यापैकी शाबूत आहे. फक्त एक आहे, कोनाड्याचा तळ समपातळीत नाही, आतल्या बाजूला उतार आहे, चांगला बोटभर. गवंडी म्हणतो आता उघडलाच आहे तर लेव्हल करून टाकू, मी थांबवलंय त्याला. ताई, काय करू?

कोनाडा:
हात लावू नको म्हणावं. तो उतार बाबांनी मुद्दाम ठेवून घेतला होता, माझ्या गोट्या घरंगळून जिन्यावरून खाली जायच्या म्हणून.